पुरुषांची लघवीगळती आणि स्लिंग शस्त्रक्रिया: आधी काय मोजावे, नंतर काय जपावे

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर खोकला, शिंक किंवा खुर्चीवरून उठणे एवढ्यानेही लघवी गळू लागते आणि अनेक पुरुष ती घरच्यांपासूनही लपवतात. लपवू नये, कारण यावर उपचार आहेत. मात्र घाईही करू नये. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने केल्यास पहिल्या वर्षात बऱ्याच जणांची गळती कमी होते. ६ महिन्यांनंतरही सुधारणा दिसत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार सुरू करावा.

त्याआधी गळती मोजावी. ‘दिवसाला तीन पॅड लागतात’ या उत्तरावरून डॉक्टरांना फारसे कळत नाही, कारण कोणी पॅड ओलसर होताच बदलतो, तर कोणी तो जड होईपर्यंत वापरतो. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर कोरा पॅड तोलून वजन लिहून ठेवावे. नेहमीच्या हालचाली चालू ठेवून २४ तासांतला प्रत्येक वापरलेला पॅड लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा, आणि शेवटी सगळ्यांचे एकत्र वजन करून त्यातून तितक्याच कोऱ्या पॅडचे व पिशव्यांचे वजन वजा करावे. उरलेला १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिलिलिटर लघवी. गळती सौम्य किंवा मध्यम, म्हणजे ढोबळमानाने ४०० ग्रॅमच्या आत असेल, तर स्लिंगचा विचार होतो. त्याहून जास्त असेल किंवा पूर्वी रेडिएशन झाले असेल, तर कृत्रिम स्फिंक्टर (मूत्रमार्गाभोवती बसवलेले, लघवी रोखून धरणारे उपकरण) हा सहसा अधिक भरवशाचा पर्याय ठरतो.

स्लिंग म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीची पट्टी. वृषणकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागी एक छेद आणि दोन्ही जांघांत दोन लहान छेद घेऊन ती मूत्रमार्गाखालून ओवतात. प्रचलित प्रकारात ती मूत्रमार्गाला वर उचलून आधार देते. लघवी धरून ठेवण्याचे काम मात्र रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूलाच करावे लागते. म्हणूनच त्या स्नायूत किती जोर उरला आहे आणि मूत्राशयाचे तोंड आकसलेले तर नाही ना, हे दुर्बिणीने आधी पाहून घेतात. लघवीत जंतुसंसर्ग असल्यास तो आधी बरा करावा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

शस्त्रक्रियेत घातलेला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात. काहींना सुरुवातीला लघवी अडकते. बहुतेकांचा हा त्रास काही दिवसांत ओसरतो.

पुढचे ६ आठवडे सर्वांत महत्त्वाचे, कारण पेशी जाळीत रुजेपर्यंत ताण पडल्यास पट्टी सैल होऊ शकते. आपल्याकडे याची विशेष काळजी घ्यावी लागते: उकिडवे बसावे लागणारे शौचालय, जेवणासाठी किंवा पूजेसाठी घातलेली मांडी आणि दुचाकीवर टांग टाकणे, या सर्वांत पाय फाकतात किंवा कंबरेत दुमडतात. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच कमोडची, निदान कमोड-खुर्चीची, सोय करून ठेवावी. पाण्याची भरलेली बादली किंवा गॅसचे सिलिंडर उचलू नये, जिने सावकाश चढावेत आणि बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, कारण कुंथण्याचा ताणही तिथेच पडतो. ताप आला, जखमेतून पू आला किंवा लघवी पूर्ण अडली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काहींची गळती पूर्ण थांबते, काहींना एखादा पॅड लागत राहतो. स्लिंगचा पुरेसा उपयोग झाला नाही, तरी पुढे कृत्रिम स्फिंक्टर बसवता येतो.