जुनी जीआय पाइप : एक तुकडा बदलायचा की सगळी लाईन?

बेळगावात शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत अजून जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपा आहेत, आणि एक जॉइंट गळाला की प्लंबर म्हणतो सगळंच काढूया. थांबा की जरा. आधी एक युनियन (पाइप न कापता खोलता येणारा जोड) खोलून टॉर्चनं आत बघा, गंजाचे गोळे धरून भोक पार बारीक झालं असेल तर तुकडा बदलून काय उपयोग नाही, कारण जुनी आटी (पाइपच्या टोकाचे स्क्रूसारखे पेच) सोडवताना पान्याच्या झटक्यानं पुढचा जॉइंटपण हलतो आणि आठ दिवसांत तिथं गळती सुरू. आतून पाइप स्वच्छ आणि फक्त बाहेरून आटीपाशी गंज असेल तर तेवढाच तुकडा बदला, बास.

सकाळचं पहिलं पाणी लालसर येत असेल तर आधी टाकी बघून घ्या, तिथला गाळपण असू शकतो. भिंतीतली गळती कळायची असेल तर रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या लेव्हलला खूण करा, सकाळी खाली गेली तर कुठंतरी मुरतंय (फ्लशपण तपासा).

नवीन तुकडा सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) घालणार असाल तर जीआयला जोडताना पितळी आटीचाच अडॅप्टर घ्या. गिझरच्या लाईनला साधी पीव्हीसी नकोच, गरम पाण्यानं वाकते.