सोसायटीतला ओला कचरा सोसायटीतच कसा जिरवावा (आणि वास कसा येऊ देऊ नये)

"खत करायला लागतं काय? खड्डा खणा, कचरा टाका, वरून माती लोटा." असं सांगणारा माणूस बहुधा एकट्या घराचा कचरा स्वतःच्या अंगणात जिरवत असतो. त्याचं त्याच्यापुरतं बरोबर आहे. तोच सल्ला ऐकून चाळीस घरांचा कचरा एका जागी टाकलात, तर दहाव्या दिवशी तळमजल्यावरच्या खिडक्या बंद होतात आणि विसाव्या दिवशी तातडीची सभा लागते. माझ्या पहिल्या प्रयत्नात दोन महिन्यांत टाक्या रिकाम्या करून सगळा चिखल गाडीत भरून पाठवावा लागला होता. त्यानंतर तीन इमारतींत हे काम बसवून दिलं, तिन्ही चालू आहेत.

ओला-सुका वेगळा करायचा, ओल्याच्या डब्यात प्लॅस्टिकची पिशवी घालायची नाही, हे धरून चालतो. डब्याचा रंग कुठलाही चालेल.

१. आठवडाभर वजन करा

टाकी विकणारा घरांची संख्या विचारून आकार सांगतो. त्यावर जाऊ नका. भंगारवाल्याकडे असतो तसा हूक-काटा घ्या, सात दिवस ओला आणि सुका वेगवेगळा तोला, वहीत लिहा. आमच्या चाळीस घरांचा ओला रोज १८ ते २२ किलो भरला. म्हणजे साधारण ४० लिटर, दहा लिटरच्या चार बादल्या. टाकीचा आकार सरासरीवर ठरवायचा नाही, सगळ्यात जड दिवसावर ठरवायचा.

आमच्याकडे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी काटा सर्वात वर जायचा, कारण लोक फ्रिज साफ करतात. त्या दिवशीची बादली उलटून एकदा बघाच. रबर बँडही न काढलेल्या पालेभाज्यांच्या जुड्या, अर्धा खाल्लेला पाव, झाकणासकट फेकलेले डबे. मी त्याचा फोटो, घर क्रमांक न टाकता, गटावर टाकला. "कचरा कमी करा" असे फलक वर्षभर लावून जे झालं नव्हतं, ते त्या एका फोटोनं थोडंफार झालं. पुढच्या महिन्यात सुट्टीनंतरची बादली हलकी भरू लागली.

२. टाक्या

प्रत्येकी एक मीटर लांब, रुंद, उंच. याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही, दीड मीटरपेक्षा उंच केलात तर वजनानं तळ दाबला जातो आणि हवा संपते. चार टाक्या हव्यात. आमची एक टाकी तीन आठवड्यांत भरते, म्हणजे चौथी भरेपर्यंत पहिलीला नऊ आठवडे विश्रांती मिळते. बाजूंना भोकं किंवा फटी, त्यांवर उंदीर शिरणार नाही अशी बारीक जाळी, तळाला वीतभर काड्या-फांद्या, वर पाऊस अडवणारं छप्पर. झालं.

३. कोरड्याची कोठी: इथेच बहुतेक सगळे आपटतात

पहिल्या वेळी मी टाक्या आणल्या, पत्रकं वाटली, दारोदार जाऊन समजावलं, आणि पहिल्या दिवसापासून ओला कचरा घ्यायला सुरुवात केली. एक गोष्ट केली नाही. कोरडा पाला साठवला नाही. "लागेल तसा आणू" असं ठरलं होतं. लागला दुसऱ्याच दिवशी, आणि मिळाला नाही.

कारण साधं आहे. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ७० ते ८० टक्के पाणी असतं. खत नीट व्हायला ढिगात ५० ते ६० टक्के ओल पुरते. वरचं पाणी कचऱ्याच्या तुकड्यांमधल्या फटींत बसतं, हवा बाहेर जाते, आणि हवा लागणाऱ्या जिवाणूंच्या जागी हवेशिवाय जगणारे जिवाणू येतात. वास त्यांचा असतो. दुसरं, भाजीपाल्याच्या कचऱ्यात नत्राच्या (नायट्रोजनच्या) मानानं कर्ब (कार्बन) कमी पडतो. नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग असले की काम झपाट्यानं होतं. ओल्यात ते प्रमाण याच्या बरंच खाली असतं, वाळक्या पानांत वर. म्हणून पानं घालायची. ती ओलही शोषतात, कर्बही पुरवतात आणि मध्ये हवेला वाटही ठेवतात. तिन्ही कामं करणारी विकतची पावडर मला अजून भेटलेली नाही.

प्रमाण: ओल्याच्या एका बादलीला न चुरलेल्या वाळक्या पानांच्या दोन बादल्या, चुरलेली असतील तर एक ते दीड. आता गुणाकार करा. रोज ४० लिटर ओला म्हणजे रोज ८० लिटर पाला, महिन्याला २,४०० लिटर. म्हणजे जवळजवळ अडीच टाक्या नुसता पाला. हा आकडा सभेत सांगितला की लोक हसतात. हसू द्या. पाल्याच्या कोठीला जागा मिळाल्याशिवाय टाक्यांची ऑर्डर देऊ नका, आणि महिनाभराचा पाला भरून झाल्याशिवाय एका घराचाही ओला कचरा घेऊ नका. घाई करणारे असतातच, त्यांना झाडू देऊन पाला गोळा करायला पाठवा.

पानगळ वर्षभर सारखी होत नाही, म्हणून गळतीच्या दिवसांत पुढच्या महिन्यांचा साठा करायचा. जाळीच्या पिंपात किंवा गोणीत, छपराखाली, जमिनीपासून विटेवर उचलून. भिजलेला पाला म्हणजे पाला नव्हे. साठा कमी पडला तर फाडलेले साधे खोके, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, वर्तमानपत्राच्या पट्ट्या चालतात. चिकटपट्टी काढून, चकचकीत कागद वगळून. दुकानाच्या छापील पावत्या घालू नका, त्या कागदावर रसायनाचा थर असतो. लाकडाचा भुसा बेतानं. त्यात कर्ब इतका जास्त असतो की मूठ मोठी पडली तर ढीग थंड होऊन बसतो. भुसा रंगवलेल्या किंवा प्लायच्या लाकडाचा नको.

४. दारावरून घेणं

रोज एकाच वेळी. मिसळलेला डबा उचलायचा नाही, तसाच दारात ठेवायचा. कचरा नेणाऱ्या माणसानं मागे बसून निवडायचं हा प्रकार पहिल्या दिवसापासून बंद. एकदा निवडून दिलंत की घरातलं वेगळं करणं कायमचं थांबतं, शिवाय दुसऱ्याच्या घाणीत हात घालायला आपण कुणाला का लावावं?

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्या आठवड्यात मला जिन्यात गाठलं. "अहो, मी चाळीस वर्षं घर चालवतेय, मला कचरा शिकवता?" मी म्हटलं, "काकू, शिकवत नाही, तुम्हीच एकदा टाकीपाशी या." आल्या, त्यांच्या डब्यातून आलेली दुधाची पिशवी ढिगातून ओढून काढताना स्वतः बघितली. आता पाल्याच्या कोठीची किल्ली त्यांच्याकडे असते आणि मलाच विचारून घ्यावी लागते.

पिशवीवर "विघटनशील" छापलेलं असलं तरी टाकीत टाकू नका. अशा बहुतेक पिशव्या मोठ्या कारखानदारी प्रकल्पात, ६० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत, बरेच दिवस राहिल्या तर कुजतात. तुमच्या टाकीच्या कडेला त्या नऊ आठवड्यांनंतरही जशाच्या तशा सापडतात. मांस-मासे आणि तेलकट उरलंसुरलं पहिले तीन महिने घेऊ नका. ढीग तापायला लागला की थोडं थोडं, मधोमध पुरून.

५. रोजचा थर

ओला टाका, मोठे तुकडे फावड्यानं तोडा, पाला टाका, मिसळा, आणि वरून दोन-तीन इंच कोरड्याची चादर. ओल्याचा एकही तुकडा डोळ्यांना दिसता कामा नये. चिलटं चादरीखाली पोचत नाहीत, चादर विसरलात तर दोन दिवसांत ढग उठतो.

पहिल्या टाकीत जुन्या खताचं एक घमेलं घाला. त्यात लागतील तेवढे जिवाणू असतात, विकतच्या कल्चरची (जिवाणूंच्या तयार मिश्रणाची) गरज नाही.

मग मूठ चाचणी. हातमोजा घाला, चादरीखालून मूठभर काढा, जोरात पिळा. एखाद-दोन थेंब बोटांच्या फटीत दिसले तर उत्तम. धार लागली तर पाला कमी. काहीच आलं नाही आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटला, तर पाणी शिंपडा. यंत्र, मीटर काही नको. ही चाचणी मी आजही दर दोन दिवसांनी करतो, आणि नव्या माणसाला कामावर ठेवलं की पहिला आठवडा त्याला दुसरं काही शिकवत नाही.

तरीही वास आलाच तर नाकावर विश्वास ठेवा, कारण प्रत्येक वास वेगळं सांगतो.

सडक्या अंड्याचा: हवा नाही, तळात पाणी. माझ्या पहिल्या टाकीचा हाच. झाकण उघडून फावडं घातलं तर तळाशी काळं पाणी चुळबुळत होतं आणि फावडं बाहेर येताना चिखलातून चप्पल निघावी तसा आवाज आला. उपाय एकच: पूर्ण ढीग बाहेर काढा, पाला मिसळत परत भरा. वरून पाला पसरून भागत नाही, बिघाड खाली असतो.

नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा: अमोनिया. नत्र जास्त, कर्ब कमी. पाला वाढवा, मिसळा, दोन-तीन दिवसांत जातो.

आंबूस: सुरुवातीच्या आठवड्यात थोडा येतोच. ढवळा. टिकला तर ओल कमी करा.

एखाद्या दिवशी तक्रार आली की कुणीतरी चुन्याची पिशवी घेऊन धावतो. अडवा त्याला. चुन्यानं ढीग अल्कधर्मी होतो आणि नत्र अमोनिया होऊन उडतं, म्हणजे वास वाढतो आणि खतही बारकं होतं. फिनेल तर त्याहून वाईट, ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्या जिवाणूंनाच ते मारतं. आमच्या पहिल्या टाक्यांत दोन्ही पडलं होतं.

करड्या, जाड, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की किंकाळ्या ऐकू येतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी घरातल्या अन्नावर बसत नाही, चावत नाही, अळ्या कचरा मात्र भराभर संपवतात. त्या फार झाल्या म्हणजे ढीग ओला आहे एवढंच समजायचं, आणि काय घालायचं ते आता सांगायला नको.

६. उष्णता आणि ढवळणं

लोखंडी सळई ढिगाच्या मधोमध पाच मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवली नाही तर चांगलं चाललंय. आतला भाग ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातो. सलग किमान तीन दिवस ५५ च्या वर राहिला की बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. कडा थंड राहतात, म्हणून आठवड्यातून एकदा बाहेरचं आत, आतलं बाहेर. ७० च्या वर गेलं तर लगेच ढवळा, कामाचे जिवाणूही भाजून निघतात.

७. सुका आणि बाकीचं

सुका आठवड्यातून दोनदा, धुऊन, निथळून, कोरडा. तेल लागलेला कागद सुक्यात देऊ नका, एक तेलकट खोका शेजारच्या गठ्ठ्यालाही भंगारात नाकारायला लावतो. फाडून टाकीत टाका. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर खूण करून, वेगळे. फुटकी काच जाड कागदात, बाहेर "काच" लिहून. एलईडी नसलेल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फोडायची नाही.

मोबाइलच्या आणि खेळण्यांच्या बॅटऱ्यांबद्दल मात्र कडक राहा. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेटू शकते, आणि मागे कागदाचा ढीग असतो. टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या डब्यात वेगळ्या गोळा करा. हा डबा लिफ्टजवळ ठेवा, लोक लांब चालत नाहीत.

८. काढणं

टाकी भरल्यावर नऊ आठवडे हात लावू नका, फक्त ओल बघा आणि अधूनमधून ढवळा. ढीग मूळच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. काळपट, भुरभुरीत, आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला की तयार. खात्री हवी तर ओंजळभर ओलसर खत पिशवीत बांधून तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस आला तर अजून कच्चं आहे. कच्चं कुंडीत घातलंत तर रोपं पिवळी पडतात आणि दोष तुमच्या टाक्यांना लागतो.

मग पाच-सहा मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. खाली पडेल ते कुंड्यांना. चाळणीवर काड्या, कोयी, न कुजलेली पानं उरतात, आणि त्यांना काळं खत चिकटलेलं असतं. ते नव्या टाकीच्या तळाला, काड्यांच्या थरावर.