टॅब दाबल्यावर खोटं दिसू नये: कंटेनर टूलचं कंप्लीशन लिहिताना या चुका टाळा

राजेहो, कंटेनर (म्हणजे डबाबंद करून चालवलेला प्रोग्राम) सांभाळायच्या टूलचं टॅब कंप्लीशन, म्हणजे टॅब दाबल्यावर पुढचा शब्द सुचवायची सोय, हे टूल तयार झाल्यावर शेवटी घाईघाईत उरकायचं काम नाही. तरी तालुक्याच्या गावी माझ्याकडे शिकायला येणारी पोट्टी ते तसंच उरकतात, कुठून तरी वीस ओळी उचलायच्या, टूलचं नाव बदलायचं, एकदा टॅब दाबून पाहायचा, सबकमांड (स्टार्ट, स्टॉप वगैरे) दिसल्या की झालं म्हणायचं. मग त्याच त्या चुका माझ्याकडे परत येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

आधी हे समजून घ्या की टूल स्वतःच्या प्रोसेसमध्ये चालते पण बॅशचं (कमांड टाईप करतो त्या शेलचं) कंप्लीशन फंक्शन वापरणाऱ्याच्या चालू शेलमध्येच चालते. म्हणजे तुम्ही त्याच्या घरात पाहुणे आहात, तिथली भांडी हलवायची नाहीत. आणि दुसरं म्हणजे टॅब दाबून जे दिसते त्यावर माणूस डोळे झाकून भरवसा ठेवतो. नाव दिसलं तर कंटेनर आहे, नाही दिसलं तर नाही, इतका सरळ हिशोब असतो त्याचा. कंप्लीशन खोटं बोललं तर तो एररचा मेसेज वाचत बसत नाही, थेट पुढचं पाऊल उचलतो, आणि तिथंच नुकसान होते.

सुडो लावला की यादी भलत्याचीच

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण हिचा फटका मी समोर पाहिला आहे. कापसाच्या सीझनमध्ये एका जीनिंगवर काट्याच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर पॉडमनमध्ये (डॉकरसारखं कंटेनर चालवायचं टूल) चालवत होते, काट्यावरचा आकडा पाहून हातानं टाकायचा आणि पावती काढायची, एवढंच काम. कंटेनर रूटच्या (मशीनच्या मालक-खात्याच्या) नावानं बनवलेला होता, म्हणजे सगळं सुडो (रूट होऊन कमांड चालवायची कमांड) लावून. वर पॉडमनभोवती गुंडाळलेलं एक छोटं टूल होतं आणि त्याचं कंप्लीशन कोण्या पोरानं लिहून दिलं होतं. एक दिवस लाईन गेली, मशीन बंद पडली. लाईन आल्यावर मशीन चालू झाली पण कंटेनर उठला नाही. पॉडमनला डॉकरसारखा कायम जागा असलेला डेमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) नाही, त्यामुळे बूट झाल्यावर कंटेनर उठवायचे तर सिस्टमडीला (बूटच्या वेळी सगळं उठवणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामला) तसं सांगून ठेवावं लागते, ते कोणी सांगितलेलंच नव्हतं. बाहेर ट्रॅक्टर आणि बंड्यांची लाइन लागलेली, शेतकरी पहाटेपासून उभे.

काट्यावरच्या पोरानं बरोबर तेच केलं जे कोणीही करेल. सुडो, टूलचं नाव, स्टार्ट, आणि टॅब. काहीच आलं नाही. दोनदा दाबला, काहीच नाही. मला नंतर म्हणाला, "दादा, टॅब दाबला त नावच नाई आलं, मले वाटलं कंटेनरच उडाला." मग त्यानं वहीत लिहून ठेवलेली रनची कमांड काढली आणि सुडो न लावता मारली. ती चालली पण. फक्त सुडो नसल्यामुळे पॉडमननं सगळं त्या पोराच्या होम फोल्डरमधल्या स्टोरेजमध्ये नव्यानं बनवलं, व्हॉल्यूमही (डेटा ठेवायची जागा) नवं, कोरं. खरा डेटा व्हार-लिबमधल्या रूटच्या स्टोरेजमध्ये जसाच्या तसा सुखरूप पडलेला. नव्या डेटाबेसमध्ये पावती नंबर १ पासून सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत तसाच चालत राहिला. एकाच नंबरच्या दोन दोन पावत्या, वेगळ्या शेतकऱ्यांच्या, वेगळ्या वजनाच्या. ते जुळवायला मुनीमजींना किती त्रास झाला ते मी बसून पाहिलं, आणि ज्याचे पैसे अडकले त्याला सॉफ्टवेअरचं कारण सांगून काय उपयोग.

पोराची चूक मी मानतच नाही. कंटेनर बंद होता, उडालेला नव्हता. कंप्लीशननं यादी काढताना पॉडमनला विचारलं ते त्या पोराच्या नावानं, रूटच्या नावानं नाही. ओळीच्या सुरुवातीला सुडो लिहिलं म्हणून कंप्लीशनचं फंक्शन रूट होऊन चालत नाही, ते अजून तुमच्याच साध्या शेलमध्ये आहे. पॉडमनमध्ये रूटचे कंटेनर वेगळे आणि तुमचे वेगळे, म्हणून यादी रिकामी आली. डॉकरमध्ये डेमन एकच असतो, तिथं माणूस डॉकर ग्रुपमध्ये नसेल तर परवानगी नाकारली जाते आणि यादी तशीच रिकामी येते. कारण वेगळं, पण पाहणाऱ्याला दिसते तेच.

यावर पोट्टे लगेच शॉर्टकट काढतात, कंप्लीशनच्या आतच सुडो टाकतात. हे बिलकुल करू नका. पासवर्ड लागत असेल तर टॅब दाबल्या दाबल्या अर्ध्या ओळीत पासवर्ड विचारला जातो आणि माणूस नुसता गोंधळतो. माझी सवय सांगतो. सुडो लागणारच असेल तर तो टूलच्या पोटात टाकायचा, वापरणाऱ्यानं तो टाईपच करायचा नाही. आणि टूलनं कंटेनर बनवला किंवा काढला की त्याच वेळी सगळ्यांना वाचता येईल अशा एका फाईलीत नावांची यादी लिहून ठेवायची, कंप्लीशननं फक्त ती फाईल वाचायची. अशा मशीनवर कंटेनरची नावं रोज बदलत नाहीत, त्यामुळे यादी शिळी होत नाही. काही जण म्हणतील हे शुद्ध पद्धतीत बसत नाही. नसेल बसत, पण जीनिंगच्या काट्यावर टॅब दाबला की बंद असलेल्या कंटेनरचंही नाव दिसते, मला तेवढंच पाहिजे.

कोलनवाला घोळ

इमेजच्या (ज्यावरून कंटेनर बनतो त्या साच्याच्या) नावात कोलन असतो, नाव कोलन टॅग (आवृत्ती). आणि बॅश कोलनवर शब्द तोडतो. कॉम्प_वर्डब्रेक्स नावाच्या व्हेरिएबलमध्ये जी अक्षरं असतात, कोलन, बरोबरचं चिन्ह, कोट, पाइप वगैरे, त्या प्रत्येकावर कंप्लीशनसाठी शब्द तुटतो. आता समजा तुमच्याकडे काटा:१.४ नावाची इमेज आहे आणि वापरणाऱ्यानं काटा:१ एवढं टाईप करून टॅब दाबला. तुमच्या फंक्शनला कॉम्प_वर्ड्समध्ये (टाईप केलेल्या शब्दांच्या यादीत) एक शब्द मिळत नाही, तीन मिळतात, काटा, मग नुसता कोलन, मग १. चालू शब्द म्हणजे फक्त १. त्यानं सुरू होणारी इमेजच नाही, म्हणून यादी रिकामी.

थोडा हुशार पोट्टा काय करतो, तिन्ही तुकडे जोडून पूर्ण शब्द बनवतो, त्यावर कॉम्पजेन (जुळणारी नावं निवडणारी कमांड) चालवतो आणि काटा:१.४ हे उत्तर कॉम्परिप्लायमध्ये (बॅशला द्यायच्या उत्तरांच्या यादीत) टाकतो. बरोबर वाटते ना? टॅब दाबून पाहा, ओळीवर येते काटा:काटा:१.४. कारण बॅशच्या हिशोबानं तो फक्त कोलनच्या नंतरचा तुकडा बदलून रायला आहे, आणि त्या जागी तुम्ही पूर्ण नाव दिलं.

इथं घाई सुरू होते. कुठंतरी लिहिलेलं सापडते की कॉम्प_वर्डब्रेक्समधून कोलन काढून टाका, एका ओळीचं काम. काढलं की तुमचं टूल लगेच नीट चालते आणि पोट्टा खूश होऊन जातो. पण ते व्हेरिएबल पूर्ण शेलचं आहे, तुमच्या टूलचं नाही. माणूस पाथमध्ये (कमांड जिथं शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) नवीन फोल्डर जोडायला बसला, कोलन टाकून पुढचा रस्ता टॅबनं पूर्ण करायला गेला, तर ते चालेना. त्याला काहून चालेना ते कधीच कळणार नाही, कारण तुमच्या टूलचा आणि पाथचा संबंध आहे असं कोणाच्याच डोक्यात येत नाही. दुसऱ्याच्या घरातली वस्तू गपचूप उचलून नेण्यासारखं आहे हे, आणि मी असं कंप्लीशन दिसलं की सरळ काढून टाकतो, टूल कितीही चांगलं असो.

बरोबर रस्ता फार लांबचा नाही. मशीनवर बॅश-कंप्लीशनचं पॅकेज असेल तर त्यात शब्द मागायचं फंक्शन आहे, गेट-कॉम्प-वर्ड्स-बाय-रेफ नावाचं, त्याला डॅश एन देऊन कोलन सांगा म्हणजे तो फक्त तुमच्यापुरता कोलनवर तोडत नाही. आणि शेवटी एल-ट्रिम-कोलन-कंप्लीशन्स चालवा, ते उत्तरातला कोलनपर्यंतचा भाग कापून देते. पॅकेज नसेल तर हेच हातानं करा, शेवटच्या कोलनपर्यंतचा जो भाग आधीच टाईप झाला आहे तो प्रत्येक उत्तराच्या पुढून काढायचा. आणि रजिस्ट्रीचा (इमेज साठवायच्या सर्व्हरचा) पोर्ट पण कोलननंच येतो, लोकलहोस्ट:५०००/काटा:१.४ असा, म्हणजे एकाच नावात दोन कोलन. तपासताना हे नाव घेऊन तपासा, साध्या नावावर सगळ्यांचंच कोड पास होते.

टॅबनं नेटवर जाऊ नये

बॅश टॅब दाबल्यावर तुमचं फंक्शन संपेपर्यंत थांबून राहते. डॉकर_होस्ट (डॉकरचा डेमन कुठं आहे ते सांगणारं व्हेरिएबल) दूरच्या सर्व्हरकडे एसएसएचनं लावलेला असेल तर प्रत्येक टॅबला एक पूर्ण फेरी. शहरात फायबरवर बसून लिहिणाऱ्याला हे जाणवत नाही. आमच्याकडे लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो, आणि मग टॅब दाबला की टर्मिनल गोठून बसते, माणूस आणखी चार टॅब मारतो. यादी मागणाऱ्या कमांडच्या पुढे टाईमआउट लावा, एक सेकंद पुष्कळ झाला, तेवढ्यात उत्तर नाही आलं तर काही दाखवू नका. आणि पुलच्या (इमेज खाली आणायच्या कमांडच्या) पुढे रजिस्ट्रीत शोधून नावं सुचवायची हौस तर अजिबात नको, मशीनवर आधीच असलेल्या इमेजची नावं पुरतात.

बाकीच्या भराभर सांगतो.

पीएसचा (कंटेनरची यादी देणाऱ्या कमांडचा) टेबल ऑकनं (कॉलम तोडायच्या टूलनं) फोडू नका. अप २ अवर्समध्ये स्पेस असतात, पोर्टचा कॉलम कधी रिकामा असतो, आणि हेडिंग काढायचं विसरलं की नेम्स नावाचा एक कंटेनर यादीत येऊन बसतो. डॅश-डॅश-फॉरमॅट लावून फक्त नावं मागा.

एरर देव-नलमध्ये (आलेलं सगळं फेकून देणाऱ्या फाईलीत) टाका. डेमन बंद असताना टॅब दाबला आणि अर्ध्या लिहिलेल्या ओळीवर लांबलचक मेसेज पसरला, हे कोणालाच नको असते.

स्टॉपला चालू असलेले, स्टार्टला बंद असलेले, एक्झेकला (कंटेनरच्या आत कमांड चालवणाऱ्या) फक्त चालू. सगळीकडे सगळी नावं देणं म्हणजे आळस आहे, दुसरं काही नाही. माझ्या त्या फाईलीत नावापुढे स्थिती नसते, तरी मी ते चालवून घेतो, पण थेट पॉडमनला विचारत असाल तर तुम्हाला सूट नाही.

दुसरा शब्द म्हणजे सबकमांड असं धरून चालू नका. मधे कॉन्टेक्स्टचा (कोणत्या सर्व्हरशी बोलायचं ते सांगणारा) फ्लॅग आणि त्याची व्हॅल्यू येऊ शकते, फ्लॅग ओलांडून पहिला साधा शब्द शोधा, आणि कोणत्या फ्लॅगला व्हॅल्यू लागते ते लक्षात ठेवा. तोच कॉन्टेक्स्ट यादी काढतानाही पुढे पाठवा, नाहीतर माणूस विचारतो एका सर्व्हरचं आणि दिसते दुसऱ्याचं. एक्झेकमध्ये कंटेनरचं नाव झालं की पुढचं सगळं कंटेनरच्या आतलं आहे, तिथं तुमचे फ्लॅग सुचवू नका.

फाईलीच्या वर सेट डॅश ई (कमांड फेल झाली की थांबा) लिहायची सवय स्क्रिप्टमध्ये चांगली, कंप्लीशनच्या फाईलीत घातक. ती फाईल सोर्स होते, म्हणजे चालू शेलमध्येच चालते, त्यामुळे पुढची कुठलीही कमांड फेल झाली की माणसाचं टर्मिनलच बंद होते. तसंच प्रत्येक व्हेरिएबलच्या पुढे लोकल लिहा, सोडून दिलेलं आय किंवा कर (करंट, म्हणजे चालू शब्द) नावाचं व्हेरिएबल शेलमध्ये तसंच पडून राहते.

अलियसला (कमांडच्या टोपणनावाला) बॅशमध्ये कंप्लीशन आपोआप लागत नाही, कंप्लीट डॅश एफनं वेगळं लावून द्या. आणि फाईल बॅश-कंप्लीशनच्या फोल्डरमध्ये ठेवायची तर तिचं नाव कमांडच्या नावाशी जुळलं पाहिजे, तेव्हाच ती पहिल्या टॅबला आपोआप लोड होते. बॅशआरसीत (बॅश उघडताना वाचली जाणाऱ्या फाईलीत) दहा टूलांची कंप्लीशन सोर्स करून ठेवतात आणि मग टर्मिनल उघडायला वेळ लागते म्हणून मशीनला दोष देतात.

टूल गो भाषेत कोब्रावर (कमांड-लाइन टूलं लिहायच्या लायब्ररीवर) लिहिलेलं असेल तर हातानं कंप्लीशन लिहूच नका. डॉकर, पॉडमन, कुबसीटीएल सगळे तेच वापरतात, दोन अंडरस्कोर कंप्लीट नावाची लपलेली सबकमांड टूलमध्येच असते आणि शेल फक्त तिला विचारते. तपासायलाही सोपं पडते, टॅब न दाबता ती सबकमांड थेट चालवा, शेवटी स्टॉप आणि एक रिकामी स्ट्रिंग द्या, नावं छापून येतात आणि त्यांच्या खालच्या ओळीत कोलन आणि एक आकडा येतो. ४ असेल तर फाईलींची नावं सुचवायची नाहीत असा अर्थ. नावंच आली नाहीत तर घोळ टूलमध्ये आहे, आली पण टॅबला दिसत नाहीत तर घोळ शेलच्या बाजूला. एवढी विभागणी झाली की अर्धं काम झालं, पण पोट्टे हे न करता दोन्हीकडे एकदमच बदल करत बसतात.

मॅकवाल्यांना द्यायचं असेल तर लक्षात ठेवा, तिथं २०१९ च्या कॅटलिनापासून डिफॉल्ट शेल झेडशेल आहे आणि सोबत येणारा बॅश अजून ३.२ च. कॉम्पऑप्ट आणि मॅपफाईल हे दोन्ही ४.० पासूनचे, ते तिथं नाहीत. झेडशेलसाठी वेगळी फाईल लिहाल तेव्हा डिस्क्राइब फंक्शनमध्ये कोलन म्हणजे नाव आणि माहिती यांच्यातली रेघ असते, त्यामुळे काटा:१.४ दिलं की यादीत नुसतं काटा दिसते आणि १.४ त्याची माहिती म्हणून बाजूला जाते. नावातल्या प्रत्येक कोलनच्या आधी बॅकस्लॅश टाका.