ऑडिओ पॉज करून पुन्हा सुरू करताय? या चुका टाळा

वेबपेजवर जावास्क्रिप्टने ऑडिओ वाजवताना सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक म्हणजे 'इजप्लेइंग' नावाचा स्वतःचा फ्लॅग, म्हणजे 'वाजतंय की नाही' हे 'ट्रू' किंवा 'फॉल्स' असं लक्षात ठेवणारा व्हेरिएबल. क्लिक झालं की फ्लॅग उलटा करायचा, त्यावरून बटणाचं चित्र बदलायचं. ऑडिओ फक्त तुमच्याच बटणाने थांबतो, असं कोणी सांगितलं?

एका साइटवर तक्रार होती: "प्ले दोनदा दाबावं लागतं." ऑफिसात कोणालाच ते दिसेना. एका उत्साही मुलाने डबल-क्लिक रोखायला सेटटाइमआउट (ठरावीक वेळ थांबायला लावणारं फंक्शन) ठोकला, तक्रारी सुरूच. शेवटी कोणीतरी फोनमधून हेडफोनची पिन उपसली आणि उलगडा झाला. अँड्रॉइडवर क्रोमने आवाज आपणहून थांबवला होता, फ्लॅग मात्र 'ट्रू'च. पहिल्या टॅपला थांबलेल्यालाच पुन्हा पॉज, दुसऱ्याला प्ले! मी असा फ्लॅग दिसला की उडवतोच. ऑडिओ एलिमेंटच्या (पानावर आवाज वाजवणाऱ्या टॅगच्या) 'प्ले', 'पॉज' आणि 'एंडेड' इव्हेंटवर, म्हणजे ब्राउझर देतो त्या सूचनांवर, बटण बदलायचं, आणि क्लिकवर 'ऑडिओ.पॉज्ड' (आत्ता थांबलाय का ते) वाचायचं. बस.

दुसरं लाडकं दुखणं: प्ले() प्रॉमिस देतं, म्हणजे वाजायला लागलं की नाही ते नंतर कळवतं, हे विसरणं. ते पुरं व्हायच्या आत पॉज() आलं की ब्राउझरच्या कन्सोलवर (एरर दिसतात त्या खिडकीत) लाल अक्षरात 'अबॉर्टएरर'. त्यावर इंटरनेटवरचा रामबाण म्हणजे दीडशे मिलिसेकंद थांबा. ऑफिसच्या वायफायवर चालतं, एसटीत बसलेल्याच्या नेटवर्कवर पुन्हा तेच. एरर पकडा आणि नाव बघा. 'अबॉर्टएरर' असेल आणि पॉज तुम्हीच केलं असेल, तर सोडून द्या. 'नॉटअलाउडएरर' असेल, तर वापरणाऱ्याने अजून पानाला हात लावलेला नाही. बटण दाखवा आणि वाट बघा. हात लावल्याशिवाय आवाज नाही, हा नियम क्रोममध्ये 2018 पासून आहे, त्याला चकवायच्या युक्त्या शोधू नका.

स्टॉप() नावाची मेथड ऑडिओ एलिमेंटला नाही. पॉज करा, 'करंटटाइम' शून्य करा.

दर क्लिकला 'न्यू ऑडिओ' लिहिलंत तर एकावर एक आवाज वाजतील. रिझ्यूम करताना 'सोर्स' (फाइलचा पत्ता) पुन्हा दिलात तर गाणं पहिल्यापासून.

वेब ऑडिओत (कोडमधून आवाज हाताळायची ब्राउझरची वेगळी सोय) बफर सोर्स नोडवर, म्हणजे मेमरीतला आवाज (बफर) वाजवणाऱ्या घटकावर, स्टार्ट() एकदाच चालतं. पूर्ण आवाज थांबवायचा तर कॉन्टेक्स्टवर (हे सगळे नोड ज्यात चालतात त्यावर) सस्पेंड() आणि रिझ्यूम(). एकच आवाज थांबवायचा तर बफर तोच, नोड नवा, आणि स्टार्टला किती सेकंदांपासून ते सांगा. ते सेकंद स्वतः मोजा, कारण नोड थांबला तरी कॉन्टेक्स्टचं घड्याळ पळतच असतं. वेग बदललेला असेल, तर मोजलेले सेकंद प्लेबॅकरेटने (वाजण्याच्या वेगाने) गुणा.