शाळा संपायच्या आधी करायची नोकरीची तयारी

दिव्यांग मुलांच्या घरात शाळेचं शेवटचं वर्ष लागलं की एकदम धावपळ सुरू होते, आता पुढे काय म्हणून. एवढं थांबू नका हो, चौदा-पंधराव्या वर्षापासूनच हात घाला. अमेरिकेत तर सोळाव्या वर्षापर्यंत मुलाच्या शैक्षणिक आराखड्यात शाळेनंतरचं प्लॅनिंग लिहिणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि त्या मीटिंगला मुलाला बोलवावंच लागतं. तुमच्याकडे तसा नियम असो नसो, मुलाला खोलीबाहेर बसवून त्याचं आयुष्य ठरवायचं नाही, एवढं पक्कं धरा.

आता सुरुवात कुठून, तर कामं दाखवण्यापासून. "तुला काय व्हायचंय?" विचारलं की मूल गप्प बसतं, कारण कामं बघितलेलीच नसतात. म्हणून तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी थोडे थोडे दिवस प्रत्यक्ष काम करू द्या, आणि वहीत लिहून ठेवा की आवाजाचा त्रास झाला का, किती वेळ उभं राहता आलं, कुठलं काम न सांगता परत हातात घेतलं. ही वही कुठल्याही मार्कशीटपेक्षा जास्त कामाला येते असं माझं ठाम मत आहे.

मग प्रवास. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि काम नीट जमत असूनही रोज सोडायला-आणायला कोणी नाही म्हणून नोकरी जाते, तेव्हा फार वाईट वाटतं. आधी सोबत जा, मग चार पावलं मागून चाला, मग फक्त शेवटच्या स्टॉपवर उभे राहा. गाडी चुकली, स्टॉप पुढे गेला, फोनची बॅटरी संपली, यातलं प्रत्येक एकदा मुद्दाम करून बघा, सगळं सुरळीत चालू असतानाचा सराव पुरत नाही.

ओळखपत्र, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, बँक खातं ही कागदपत्रं आधीच करून ठेवा, आणि सही किंवा अंगठा, पिन, पैसे काढणं हे त्याचं त्यालाच करू द्या.

आपल्याला काय लागतं हे स्वतः सांगता येणं, याची तालीम घरीच करा. "मला सूचना लिहून द्या", "बोलताना माझ्याकडे तोंड करा, मी ओठ वाचते", "माझ्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर लागेल", अशी एक-दोन वाक्यं, बोलून, खुणेने, नाहीतर कार्डावर. स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, आणि एनव्हीडीए हा त्यातला एक फुकट मिळतो, त्यामुळे खर्चाचं कारण कोणी पुढे केलं तर हे सांगा. आणि हे मागणं म्हणजे उपकार मागणं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क कराराप्रमाणे असे वाजवी बदल नाकारणं हा भेदभावच धरला जातो.

"आधी पूर्ण तयार होऊ दे, मग बघू" यात मुलांची वर्षंच्या वर्षं जातात. विशेषतः बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना वर्गात शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं अवघड जातं, म्हणून आधी खरी जागा आणि मग तिथेच ट्रेनिंग, ही पद्धत जास्त बरी. त्यासाठी जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारा माणूस, मिळाला तर उत्तमच. समजा खोक्यावर लेबल लावायचंय, तर खोकं सरळ कर, लेबलचा कोपरा सोडव, रेघेला लाव, मधून बाहेर हात फिरव, असे तुकडे पाडायचे. सुरुवातीला करून दाखवायचं, मग नुसतं बोट दाखवायचं, मग काहीच न बोलता बाजूला उभं राहायचं. हे शेवटचं आई-बाबांना सगळ्यात जड जातं, हात आपोआप पुढे जातो, पण तो आवरा.

पगाराचं आधीच स्पष्ट बोला. शिकण्याचे ट्रायलचे दिवस किती ते लेखी घ्या, नाहीतर "अजून शिकतोय ना" म्हणत महिनोन्महिने फुकट राबवून घेतात. सरकारी मदत मिळत असेल तर पगार सुरू झाल्यावर तिचं काय होतं हेही जॉइन व्हायच्या आधी विचारून घ्या.

आणि नोकरी लागली की फाइल बंद करू नका. साहेब बदलला, शिफ्ट बदलली, नवीन मशीन आलं की गाडी अडते, तेव्हा जॉब कोचला परत दोन दिवस बोलावता येईल का हे आधीच ठरवून ठेवा, आणि कामावरच्या एका जवळच्या माणसाचा नंबर मुलाच्या फोनमध्ये सेव्ह असू द्या, फक्त तुमच्या नाही.