चार फुटी बाल्कनीत बैठक करताना

फर्निचर घेण्याआधी एक बादली पाणी बाल्कनीत ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. पाणी जिकडे साचतं तिकडे बैठक नको. उतार पाणी जाण्याच्या जाळीकडे नीट नसेल तर तो आधी गवंड्याकडून करून घ्या. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पावसाची झड आत येतेच.

चार फुटांच्या रुंदीत सोफा बसवू नका, चालायलाच जागा उरत नाही. अरुंद बाजूच्या भिंतीला लागून बाक करा: उंची साधारण १८ इंच, खोली १६ ते १८ इंच. कठड्याला लागून बाक मात्र अजिबात नको, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. ते बाकावर चढलं की कठड्याची उंची तेवढीच कमी होते.

वेताच्या खुर्च्या दिसतात छान, पण सततच्या ओलीत बुरशी धरतात. पावडर कोटिंग केलेलं लोखंड बरं. समुद्राजवळ राहत असाल तर ॲल्युमिनियमच घ्या. गाद्यांचे अभ्रे चेन लावलेले, धुता येणारे हवेत आणि जूनपासून गाद्या घरातच.

झोपाळ्याची हौस आपल्याकडे सगळ्यांनाच. त्याचे हुक बीममध्येच हवेत, तेही अभियंत्याला विचारून. नुसत्या स्लॅबला किंवा फॉल्स सीलिंगला झोपाळा टांगू नये. जमत नसेल तर स्टँडचा झोपाळा मिळतो, जागा मात्र बरीच खातो.

पश्चिमेच्या उन्हाला बांबूची चिक (पट्ट्यांचा पडदा) लावा, ती कठड्याच्या बाहेरच्या बाजूने सोडली तर ऊन आत येण्याआधीच अडतं.