नेटवर्किंगचं पुस्तक घेताना आधी शेवटची पानं चाळा

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी एकदा नेटवर्किंगचा जाडजूड ठोकळा स्वस्तात उचलला. घरी येऊन बघतो तर सुरुवातीची कितीतरी पानं तारा, सिग्नल आणि मॉड्युलेशनवरच. पुढे सरकलोच नाही. पुस्तक चांगलं होतं, फक्त माझ्या कामाचं नव्हतं.

त्यामुळे आधी कशासाठी शिकायचंय ते ठरवा. विद्यापीठाचा पेपर असेल तर अभ्यासक्रमात नेमलेलं पुस्तक घ्या, जास्त डोकं लावू नका. सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा) करायची असेल तर मुखपृष्ठावरचा परीक्षेचा क्रमांक बघा. २००-३०१ ही परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये आली. त्याआधीचं पुस्तक रद्दीच्या भावात मिळालं तरी नको. नुसतं कुतूहल असेल, तर लेखक कुठून सुरुवात करतो ते बघा. टॅनेनबॉम तारेपासून वर चढतात, कुरोज-रॉस ब्राउझरपासून खाली उतरतात. नवख्याला मी कुरोज-रॉसच सुचवीन. पैसेच घालायचे नसतील तर पीटरसन-डेव्ही यांचं पुस्तक नेटवर फुकट आहे.

मग शेवटची शब्दसूची उघडा. नेटवरची माहिती कुलूपबंद करणारं टीएलएस १.३ (२०१८) आणि वेबपानं लवकर पोचवणारं क्विक (२०२१) हे नवे नियमसंच सापडतात का? नसतील तर पुस्तक जुनं आहे. टीसीपीचा, म्हणजे दोन यंत्रांत डेटा खात्रीने पोचवणाऱ्या नियमांचा, गाभा १९८१ पासून फारसा बदललेला नाही, म्हणून तेवढ्यापुरती जुनी आवृत्तीही चालते.

खरी परीक्षा सबनेटिंगच्या, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे लहान तुकडे पाडण्याच्या, पानावर. १९९३ मध्ये सीआयडीआर (पत्त्यांचे गट हव्या त्या आकारात पाडायची पद्धत) आल्यावर क्लास ए, बी, सी हे ठरावीक आकाराचे गट मागे पडले; पुस्तक तिथेच अडकलं असेल तर ठेवून द्या. १९२.१६८.१.०/२६ सारखं उदाहरण शोधा. "६२ यंत्रं बसतात" एवढंच लिहून लेखक मोकळा होतो, की पत्त्याच्या ३२ बिटांमधून नेटवर्कचे २६ गेले, उरले ६ बिट, म्हणजे ६४ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम संदेश धाडायचा), असं हाताला धरून नेतो? हाताला धरून नेणारा लेखक निवडा.

पुस्तक घरी आलं की वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. तेही फुकट आहे. टीसीपीच्या धड्यातले सिन, सिन-ॲक, ॲक हे जोडणी सुरू करणारे तीन बाण तुमच्या वायफायवर ओळीने दिसायला हवेत. गूगल उघडून बघितलंत तर कदाचित दिसणार नाहीत, कारण क्रोम तिथे बहुतेकदा क्विक वापरतो आणि क्विक टीसीपीवर नाही, यूडीपी या दुसऱ्या साध्या नियमसंचावर चालतं. तेव्हा पुन्हा शब्दसूची उघडा.